सालईची सोयरीक

मामांनी अंगणात चाळीस खुंट ओळीनं मांडले होते. मनगटाएवढे जाड, छातीला लागतील इतके उंच, वरचं टोक शेणानं लिंपलेलं. एप्रिल सरत आला होता. मामांचं वावर परतवाड्याच्या पुढं, चिखलदऱ्याच्या घाटाच्या पायथ्याशी आहे आणि त्याला लागून चार एकराचा एक मुरमाड उतार कित्येक वर्षं नुसता पडून आहे. यंदा त्या उतारावर सालई लावायची, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. बत्तीस वर्षं मेळघाटात वनरक्षक म्हणून काढलेला माणूस आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी भाची. आमचं भांडण होणार हे मामीला आधीच ठाऊक होतं. तिनं चहा नेहमीपेक्षा मोठ्या पातेल्यात ठेवला होता.

मी एक खुंट उचलला, अंगठ्याच्या नखानं साल थोडी खरवडली आणि नाकाशी नेली. राळेचा तो वास आला, थोडा लिंबासारखा, थोडा देवघरासारखा. दुसरा उचलला, तोच वास. ओळीच्या शेवटचा उचलला आणि थांबले.

"मामा, हे सगळे सालईचे आहेत?"

"सगळे."

"हा नाही. याला नुसता ओल्या लाकडाचा वास येतोय."

"कॉलेजात हेच शिकवता काय वं? हुंगायले?"

"हो, हेच शिकवते. पान नसलं की दुसरं काय उरतं?"

मामांना हे पटत नव्हतं, पण खोटंही म्हणवेना. सालई हिवाळ्याच्या शेवटी पानं टाकते आणि थेट पावसाच्या तोंडाशी नवी धरते. मधल्या काळात ती नागडी उभी असते आणि त्याच अवस्थेत फुलते, फळते. पानावरून ओळखायची सवय लागलेल्या माणसाची या दिवसांत पंचाईत होते. तेव्हा साल बघायची. सालईची साल राखी-हिरवट असते आणि तिचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात. पण कांडोळाच्या सालीचेही पापुद्रे निघतात आणि लांबून भल्याभल्यांची गफलत होते. मग उरतं नाक.

मी चाळीसही खुंट हुंगले. तीस सालईचे निघाले, दहा नाही. ते दहा शेजारच्या वावरातून आले होते. शेजाऱ्यानं सालई म्हणून दिले, मामांनी सालई म्हणून घेतले.

"मोई आहे ही," मी म्हटलं. "शिमटी म्हणतात ती. खुंट खोचला की तीही फुटते, म्हणून कुंपणाला दोन्ही लावतात आणि नावं एकमेकांत मिसळतात."

"मिसळू दे. फुटते ना? उतार बोडका आहे. जे जगंल ते जगू दे, नाव मागून ठेवू. आमच्या खात्यानं नावं ठेवून ठेवून लावलेली किती झाडं मेली, सांगू तुले?"

इथून खरं भांडण सुरू झालं. मामांचं म्हणणं: आधी झाड उभं राहू दे, मग त्याची ओळख पटव. माझं म्हणणं: ओळख पटवल्याशिवाय लावलेलं झाड म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेलं पत्र. मामी मधे पडली नाही. तिनं धुपाटण्यात दोन निखारे घेतले आणि समोर आणून ठेवले. धुऱ्यावरच्या जुन्या सालईच्या बुंध्यावर ओघळून सुकलेला एक खडा मामांच्या खिशात असतोच. तो त्यांनी निखाऱ्यावर टाकला. खडा आधी चकाकला, मग वितळून पसरला, कडेनं एक पिवळी ज्योत धरली आणि पांढरा धूर सरळ वर चढला. मोईच्या एका खुंटाच्या छाटलेल्या तोंडावर डिंकाचा थेंब गोठला होता. तो मी खरवडून निखाऱ्यावर टाकला. तो फुगला, काळा पडला आणि जळक्या भाकरीसारखा वास सोडून विझला.

"पाह्यलं?" मी म्हटलं.

"पाह्यलं," मामा म्हणाले. "हे मले ठाऊकच होतं. मी म्हणतो ते वेगळं आहे."

डिंक आणि राळ यांत फरक आहे तो एवढाच आणि एवढा मोठा. डिंक पाण्यात विरतो आणि विस्तवावर करपतो. राळ पाण्याला दाद देत नाही, विस्तवावर वितळते. सालईत दोन्ही असतात, वर सुगंधी तेलही असतं. म्हणून तिचा खडा पाण्यात घासला की पाणी दुधासारखं होतं. काकड, गुग्गुळ आणि अरबस्तान-आफ्रिकेतली लोबानाची झाडं ही सगळी सालईची भाऊबंद, बर्सेरेसी कुळातली. लोबान ज्यांच्यापासून मिळतं ती तर तिच्याच बॉस्वेलिया वंशातली. आपल्याकडच्या हिचं शास्त्रीय नाव बॉस्वेलिया सेराटा. त्यातलं 'सेराटा' म्हणजे दातेरी, ते पानाच्या कडेवरून पडलं. संस्कृतात ती शल्लकी. भावप्रकाशात तिला गजभक्ष्या असंही म्हटलंय, हत्ती आवडीनं खातात म्हणून. मामा गुडघ्यांसाठी शल्लकीच्या गोळ्या घेतात. गोळ्यांच्या डबीवरचं चित्र मात्र कुठल्या तरी वेगळ्याच झाडाचं आहे. ते मी दाखवलं तेव्हा मामा हसले आणि भांडण थोडं निवलं.

"तू बियांपासून का नाही लावत म्हणून विचारशील," मामा म्हणाले. "इचार."

"विचारतेच."

"आमच्याकडं एका रोपवाटिकेत पिशव्या भरल्या होत्या. नेमक्या किती ते जाऊ दे, पण हजाराच्या वर. बी गोळा केलं मी. मे महिन्यात फळ पिकतं, तिधारी असतं, तडकून तीन पाकळ्या होतात. बी हलकं. पाच-सहा पिशव्यांमागं एक उगवलं. बरं, उगवलं ते लावलं. पह्यल्या उन्हाळ्यात वरचा शेंडा वाळला. साहेब आले, पाह्यलं, लिहून गेले: रोपे मृत. पुढल्या पावसात त्याच जागी पुन्हा फुटलं. पुन्हा उन्हाळ्यात वाळलं. तिसऱ्या वर्षी कोणी पाहायलेच आलं नाही. सालईचं पोर असंच असते. वरून दरवर्षी मरते, आतून मूळ गाजरावानी जाड करत राह्यते. मूळ पुरतं भरलं की मग एका वर्षी जी काठी निघते ती नाही मरत. पण तोवर सातबारा बदलून जाते, बाई. खुंटाले तसं नाही. खोचला की छातीएवढं झाड. गुराचं तोंड नाही लागत, आग लागली तर होरपळते पण मरत नाही."

यावर मला बोलण्यासारखं फार नव्हतं, कारण माझंही एक पाप होतं. दोन वर्षांपूर्वी अमरावतीला घराच्या गच्चीवर मी दोनशे बिया पेरल्या होत्या. अकरा उगवल्या. ऊन लागू नये म्हणून वर हिरवं शेडनेट बांधलं. रोपं उंच, फिकट आणि लुळी झाली आणि श्रावणात एकेक करून कुजली. मामांना हे तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

मामा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. "सालईले सावली केली?"

"रोप कोवळं होतं."

"तुह्या कोवळ्याच्या! अवं, त्या झाडाचा सगळा जीव उन्हात आहे."

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी पुस्तकात वाचली होती, पण अशी ऐकली नव्हती. आम्ही शिकवताना सांगतो की सालई उथळ, खडकाळ, कोरड्या जमिनीवर वाढते. चॅम्पियन आणि सेठ यांनी 1968 साली भारतातल्या वनप्रकारांची जी यादी केली तिच्यात सालईच्या वनाला स्वतंत्र क्रमांकच आहे. मुलं ऐकतात आणि समजतात की सालईला मुरूम आवडतो. मामा म्हणाले, मुरूम कोणाला आवडतो? काळ्या मातीत लावून बघ, दुप्पट जोमानं वाढेल, फक्त पाणी साचू देऊ नको. पण काळ्या मातीत साग येतो, ऐन येतो, त्यांची सावली पडते आणि सालई सावलीत हार मानते. म्हणून ती अशा ठिकाणी जाऊन उभी राहते जिथं दुसरं कुणी येत नाही. डोंगराच्या सोंडेवर, दक्षिणेकडच्या तापत्या उतारावर, जिथं मेमध्ये दगडाला हात लावला तर पोळतो. तिथं तिला वाटेकरी नाही. मेळघाटात लांबून एखादी सोंड मार्चमध्ये राखी-पांढरी दिसली की ओळखायचं.

मी विहिरीजवळ, आंब्याच्या कडेनं लावा असं सुचवणार होते, पाणी घालायला सोपं म्हणून. गप्प बसले.

पण माझा मुख्य मुद्दा अजून बाकी होता. तो मी जेवण झाल्यावर काढला.

"मामा, हे तीस खुंट कुठले?"

"आपल्या धुऱ्यावरच्या झाडाचे. जंगलात हात नाही लावला, काळजी नको करू."

"सगळे एकाच झाडाचे?"

"एकच आहे धुऱ्यावर. बुंधा पाह्यला ना त्याचा? एका माणसाच्या कवेत येत नाही. असं झाड दुसरं नाही या शिवारात. म्हणूनच तर त्याचे घेतले."

"मग ही तीस झाडं नाहीत. एकच झाड तीस ठिकाणी उभं राहणार."

"बरं मग?"

"मग त्यांना फळ धरणार नाही. धरलं तरी नावापुरतं."

मामांनी सुपारी कातरायची थांबवली.

मी सांगितलं ते असं. दिल्ली विद्यापीठातल्या काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी सालईच्या फुलोऱ्याचा बारकाईनं अभ्यास केला, तो 2005 साली प्रसिद्ध झाला. फूल लहान, पांढरं. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात. म्हणजे घरच्या घरी भागायला हवं. पण स्वतःच्या झाडाचा पराग पडला तर तो रुजायला लागतो न लागतो तोच त्याला अडवलं जातं. परकाच पराग लागतो, दुसऱ्या सालईचा. तो आणायचं काम आग्यामोहोळाच्या आणि सातेरी माशांचं. माशी एका झाडावर आली की तिथलीच फुलं धुंडाळत बसते, तिला दूर जायची घाई नसते. त्यामुळे रानात शंभर फुलांमागं जेमतेम दहा फळं धरतात. माणसानं हातानं दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावला, तेव्हा हाच आकडा ऐंशीच्या घरात गेला.

"म्हणजे," मामी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "सगोत्र चालत नाही तिले."

इतकी वर्षं मी वर्गात स्व-असंगतता हा शब्द फळ्यावर लिहीत आले. मामीनं तो एका वाक्यात पुसून टाकला.

"सगोत्र नाही मामी, त्याच्याही पुढचं. हे तर नवरा-नवरी दोन्ही एकच."

मामा मात्र इतक्यात हटणारे नव्हते. "फळ पाह्यजे कोणाले? मले पाह्यजे उतार झाकायले. मुरूम वाहून जाऊन राह्यला. झालंच तर दहा-पंधरा वर्षांनी थोडा धूप. फळ नाही धरलं तर माही काही तक्रार नाही."

"तुमची नाही. पण तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर कोणी खुंट खोचंल."

"आणि नाही खोचला तर? ही तीस झाडं जगतील, म्हातारी होतील, एकाच वयाची, एकाच अंगाची, आणि खाली एक पोर नसेल. एखादी कीड आली तर तिलाही तीस वेळा नवं कुलूप उघडायचं नाही, एकच किल्ली पुरेल."

मग मी त्यांना इथिओपियाचं सांगितलं. तिथं, आणि इरिट्रिया, सुदानमध्ये, सालईची एक बहीण आहे. जगातल्या देवळा-चर्चांमध्ये जळणारं लोबान बरंचसं तिचं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी संशोधकांनी तिथली कितीतरी रानं मोजली. मोठी झाडं उभी आहेत, पण बहुतेक ठिकाणी लहान झाड सापडेना, अर्धं शतक नवी पिढी जवळजवळ आलेलीच नाही. गुरं चरतात, वणवे लागतात आणि राळेसाठी झाडांना सतत जखमा केल्या जातात. इरिट्रियात त्याआधी असंही दिसलं होतं की राळ काढलेल्या झाडाला फुलं, फळं, बी सगळंच कमी येतं. साहजिक आहे. एकाच पगारात जखमही भरायची आणि पोरंही वाढवायची.

जखमांचा विषय निघाला तसे मामा सरसावून बसले. हा त्यांचा प्रांत. "पाऊस सरला की साल तासायची. बुंध्याच्या खालच्या अंगाला, पातळ पट्टी. लाकडाले धार लागली नाही पाह्यजे. दर आठ-दहा दिवसांनी पट्टी थोडी ताजी करायची, की पुन्हा वाहते. काढलेलं बांबूच्या टोपलीत ठेवायचं, त्यातला पातळ रस खाली गळून जाते, घट्ट ते उरते. तेच विकायचं. चांगल्या जाड झाडाले वर्षाकाठी किलो-दीड किलो. जो सावकाश काढते तो वर्षानुवर्षे काढते. पण लोभी माणूस चारही बाजूंनी सोलते. मी अशी सोललेली झाडं पाह्यली. वरून हिरवी, अन् खालून भुंगा लागून भुसा सांडून राह्यलेला. एका वाऱ्यात जाते मग."

"आणि त्याच्याही आधी कुऱ्हाड होती," मी म्हटलं. "नेपानगरचा कागद."

देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना खंडवा-भुसावळ रेल्वेमार्गावर नेपानगरला उभा राहिला तो सभोवतालच्या सातपुड्यातल्या सालई आणि बांबूच्या भरवशावर. नेहरूंनी 1956 साली तो देशाला अर्पण केला. सालईचं लाकूड मऊ, फिकट, इमारतीला कुचकामाचं; पण लगदा उत्तम होतो. खोकी आणि आगपेटीच्या काड्याही तिच्याच.

"रद्दीचं झाड म्हणत साहेब लोक," मामा म्हणाले. "कूप पाडताना सागावर हातोडा मारून नंबर टाकत. सालई नुसती मोजत." आणि थोडं थांबून, "मीही नुसती मोजली."

यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सुपारी कातरून झाली. मग एकदम म्हणाले, "खालच्या गावात पाटलाच्या धुऱ्यावर एक आहे. देवळाच्या मागं एक आहे, तिची साल लालसर आहे, मी नेहमी पाहतो. अन् तुह्या मामीच्या माहेरी दोन आहेत."

"माझ्या माहेरच्या झाडांले हात लावायचा तर दादाले विचारा आधी," मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोयरीक जुळवायला निघालो. पाटलांनी सहा फांद्या दिल्या. देवळामागच्या झाडाला पुजाऱ्यानं आधी हळद-कुंकू लावायला लावलं, मग पाच. मामीच्या दादांनी विचारलं की परत काय देणार. मामांनी आपल्या धुऱ्यावरच्या झाडाचे दहा खुंट कबूल केले, आणि मला जाणवलं की याहून चांगला सौदा मी सुचवू शकले नसते. संध्याकाळपर्यंत पाच वेगवेगळ्या झाडांचे खुंट अंगणात आले. मी प्रत्येकाच्या टोकाला ऑइल पेंटचा पट्टा ओढला: आपला लाल, पाटलांचा पांढरा, देवळाचा पिवळा, मामीच्या माहेरचे निळा आणि काळा. छाटलेली तोंडं चार दिवस सावलीत सुकू द्यायची, असं मामांचं शास्त्र. सालईला आयुष्यात मिळणारी बहुधा तेवढीच सावली.

लावताना पुन्हा एकदा खटका उडाला. मला रंग आलटूनपालटून हवे होते, लालशेजारी लाल येता कामा नये, म्हणजे माशीला दोन पावलांवर परकं फूल सापडेल. मामांना ओळ सरळ हवी होती. शेवटी ओळी मामांच्या आणि क्रम माझा असं ठरलं. खड्डा दीड-दोन फूट, खुंटाचं बूड खालीच राहील याची काळजी, भोवती मुरूम ठोकून घट्ट. उलटा खोचला तर जगत नाही हे सांगायला नको, पण मजुरानं दोन उलटे खोचलेच.

मोईचे दहा मी बाजूला काढून ठेवले होते. मामांनी ते उचलले आणि उताराच्या अगदी तळाशी, ओघळीच्या काठानं लावून टाकले. "तिची काय चूक?" म्हणाले. "नाव आपण चुकीचं घेतलं."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेले. उतारावर पावसाची झिमझिम होती आणि खुंटांच्या टोकांना हिरवे झुबके फुटले होते. आता हुंगायची गरज नव्हती. मोईची पर्णिका कडेला गुळगुळीत, हाताला पानासारखं पान. सालईच्या पर्णिकेवरून बोट फिरवलं की करवतीच्या बारीक दातांसारखं लागतं, आणि लांबून पाहिलं तर एकेका देठावर दोन्ही बाजूंनी जोडीजोडीनं लागलेल्या त्या पर्णिका कडुनिंबाची आठवण करून देतात. मी वही काढून मोजायला लागले. लाल चौदा, पांढरे चार, पिवळे पाचपैकी पाच, निळे, काळे. एकूण एकतीस फुटले होते. मी खूश होते. एक खुंट थोडा हलवून मूळ धरलंय का ते बघावं म्हणून हात लावला तर मामा मागून ओरडले.

"हात काढ! ते पान जुन्या रसावरचं आहे. खुंटात जेवढं साठलं होतं तेवढं खर्चून राह्यलं ते. मूळ अजून आलं नाही."

"मग मोजायचं कधी?"

"पुढल्या मृगात. उन्हाळा एकदा अंगावरून जाऊ दे."

मी वहीतला एकतीसचा आकडा खोडला. तारीख मात्र तशीच ठेवली.